चाकांवरचे घर आणि खंडाची प्रदक्षिणा

ऑस्ट्रेलियातील मध्यमवर्गीय जोडप्यांचे एक स्वप्न असते. नोकरीतून निवृत्त व्हायचे, मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडायची आणि आपल्याच देशाला एक पूर्ण फेरी मारून यायचे. या फेरीला तिथे 'बिग लॅप' म्हणतात, तर केस पिकल्यावर असे भटकणाऱ्यांना 'ग्रे नोमॅड्स'. ऐकायला ही चैन वाटते. प्रत्यक्षात मात्र या प्रवासाची तयारी अनेकदा वर्षभर चालते आणि तिच्यातील चुका घरापासून हजारो किलोमीटरवर उघड होतात.

ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास आणि तीही मुख्यतः किनाऱ्यावरील मोजक्या शहरांत एकवटलेली. मुख्य भूमीला वेढणारा 'हायवे वन' सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर लांबीचा आहे. १९५५ मध्ये विविध राज्यांतील रस्ते जोडून त्याला हा एकच क्रमांक देण्यात आला. त्याच्याही ३० वर्षे आधी, १९२५ मध्ये, नेव्हिल वेस्टवुड यांनी छोट्या सिट्रोएन मोटारीतून ही प्रदक्षिणा प्रथम पूर्ण केली. ऑगस्टमध्ये पर्थहून निघालेले वेस्टवुड डिसेंबरअखेर परतले. तेव्हा अनेक ठिकाणी रस्ता नावाची गोष्टच नव्हती. आज डांबरी रस्ता आहे. पण अंतरे तेवढीच आहेत.

आधी ऋतू, मग मार्ग

प्रवासाची आखणी नकाशापासून नव्हे, तर पंचांगापासून सुरू होते. खंडाच्या उत्तर भागात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा. या काळात चक्रीवादळे येतात, नद्या रस्त्यावरून वाहतात आणि गावे कित्येक दिवस तुटून पडतात. मे ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा, सुखद काळ. दक्षिणेत याच महिन्यांत थंडी असते. त्यामुळे हिवाळा उत्तरेत आणि उन्हाळा दक्षिणेत, हा या प्रवासाचा पहिला नियम.

सिडनीचे जोडपे एप्रिलमध्ये निघाले, तर पूर्व किनाऱ्याने वर सरकत जूनच्या सुमारास क्वीन्सलँडच्या उत्तरेस पोहोचते. जुलै-ऑगस्टमध्ये डार्विन आणि किंबर्ली, सप्टेंबरमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील रानफुलांचा बहर, नोव्हेंबरच्या आसपास नलारबोरचे माळरान आणि अखेरीस ॲडलेड, मेलबर्न. टास्मानिया पाहायचे तर जिलाँग बंदरातून कॅरॅव्हॅनसह बोटीने जाता येते. ही फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होते. आपल्याकडील प्रदक्षिणेचा नियम पाळणारेही असतातच. पण दिशेपेक्षा महिना महत्त्वाचा. यासाठी सहा महिने ते एक वर्ष हाती असणे बरे. तीन महिन्यांत फेरी आटोपणाऱ्यांना रस्ता दिसतो, देश दिसत नाही.

वजनाचे गणित

नवशी जोडपी सर्वाधिक चुकतात ती वजनात. कॅरॅव्हॅनचे रिकामे वजन आणि सामानासह कायद्याने अनुज्ञेय कमाल वजन, हे दोन आकडे तिच्यावरील पट्टीवर कोरलेले असतात. त्यांच्यातील फरक म्हणजे सामानाची मुभा. उदाहरणार्थ, रिकामे वजन २३०० किलो आणि कमाल मर्यादा २८०० किलो असेल, तर मुभा ५०० किलोंची. ऐकताना ती भरपूर वाटते. पण ९५ लिटरच्या पाण्याच्या दोन टाक्या भरल्या, की त्यांतले १९० किलो गेले. नऊ किलोंच्या दोन सिलिंडरांतील गॅसचे आणखी १८. उरलेल्या २९२ किलोंत भांडी, किराणा, कपडे, अंथरूण-पांघरूण, हत्यारे, खुर्च्या, टेबल, तंबूचे छत आणि नंतर बसविलेली प्रत्येक जादा वस्तू सामावली पाहिजे.

गणित इथेच संपत नाही. भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा मोटारीच्या मागील जोडणीवर पडतो. वरील उदाहरणात तो २८० किलो होतो आणि तो मोटारीच्या भारक्षमतेतून वजा होतो. मोटारीची क्षमता ६५० किलो धरली आणि जोडप्याचे वजन १५० किलो धरले, तर हाती २२० किलो उरतात. कांगारूंच्या धडकेपासून बचावासाठी पुढे बसविलेला पोलादी कठडा, दुसरी बॅटरी, जादा टायर हे सारे त्यातच. म्हणून निघण्यापूर्वी संपूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन तोलणे हा तयारीतील अपरिहार्य टप्पा मानला जातो. मर्यादा ओलांडलेली असताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

वजन किती, याइतकेच ते कुठे ठेवले हेही महत्त्वाचे. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ हव्यात. त्या मागच्या टोकाला ठेवल्या, की वेग वाढताच कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झोकांड्या देऊ लागते आणि अखेरीस मोटारीलाही सोबत उलटवते. अशा वेळी मोटारीचा ब्रेक जोरात दाबणे घातक ठरते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून केवळ कॅरॅव्हॅनचे विजेवर चालणारे ब्रेक हाताने लावायचे असतात. त्याचे बटण चालकाच्या हाताशी असते. दोन हजार किलोंहून जड कॅरॅव्हॅनला सर्व चाकांवर ब्रेक असणे आणि जोडणी तुटल्यास ते आपोआप लागण्याची सोय असणे तिथे बंधनकारक आहे.

पाणी, वीज, इंधन

कॅरॅव्हॅन पार्कमध्ये विजेची जोडणी, नळ, स्नानगृहे असतात. मात्र रोज तिथे उतरणे परवडत नाही. अनेक ठिकाणी रस्त्याकडेला विनामूल्य मुक्कामाची सोय असते. काही ठिकाणी स्वतःचे शौचालय आणि सांडपाण्याची टाकी असलेल्यांनाच परवानगी मिळते. त्यासाठी छतावर सौर पॅनल, आत लिथियम बॅटरी आणि काटकसरीने पाणी वापरण्याची सवय लागते. ही सवय घरीच लावून पाहिलेली बरी.

कॅरॅव्हॅन ओढताना इंधनाचा खर्च एकट्या मोटारीपेक्षा दीडपट ते दुपटीपर्यंत जाऊ शकतो. समोरून वारा असेल तर त्याहून अधिक. ब्रूम ते पोर्ट हेडलँड या सुमारे ६०० किलोमीटरच्या टप्प्यात मोजकीच रोडहाऊस आहेत. नलारबोर ओलांडणाऱ्या मार्गावर १४६ किलोमीटरचा एक पट्टा असा आहे, की त्यात एकही वळण नाही. तिथे धोका असतो तो कंटाळ्याचा आणि डुलकीचा. ५० मीटरहून लांब 'रोड ट्रेन' मागून आल्यास तिच्या चालकाशी बोलता यावे, म्हणून मोटारीत रेडिओ संच बसवितात; महामार्गावर ४० क्रमांकाची वाहिनी वापरली जाते. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री कांगारू व मोकाट गुरे रस्त्यावर येतात. त्यामुळे दिवेलागणीपूर्वी मुक्कामी पोहोचणे हा अनुभवी प्रवाशांचा दंडक.

राज्याच्या सीमेवर आणखी एक अडसर असतो. फळमाशी व इतर रोगकिडी पसरू नयेत यासाठी फळे, भाज्या तपासून काढून घेतल्या जातात. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर मधही नेता येत नाही. नलारबोरपूर्वी शीतकपाट गच्च भरणाऱ्यांची त्यामुळे निराशा होते. आदिवासींच्या मालकीच्या काही भूभागांतून जाण्यासाठी आगाऊ परवाना लागतो.

मागे राहणारे घर

घर भाड्याने द्यायचे, कुणाच्या देखरेखीखाली ठेवायचे की विकून टाकायचे, हा निर्णय सर्वांत अवघड. घर दीर्घकाळ रिकामे राहिल्यास विम्याच्या अटी बदलतात, हे आधी तपासावे लागते. दातांपासून हृदयापर्यंत संपूर्ण तपासणी, औषधांच्या चिठ्ठ्या, मृत्युपत्र, आर्थिक व्यवहारांचे अधिकारपत्र हेही याच यादीत येते. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचे आहे. ज्यांनी घरच विकले, अशांसाठी कायम पत्ता नसलेले मतदार म्हणून नोंदणीची सोय आहे.

दोघांनाही सारे यायला हवे

या तयारीतील सर्वांत दुर्लक्षित भाग यंत्रांचा नसून माणसांचा आहे. बहुतेक जोडप्यांत कामाची वाटणी आपोआप होते. गाडी चालविणे, कॅरॅव्हॅन जोडणे-सोडणे, ती मागे घेणे त्याच्याकडे. स्वयंपाक, औषधे, हिशेब, आरक्षण तिच्याकडे. सारे सुरळीत असेपर्यंत ही वाटणी सोयीची वाटते. पण साठी-सत्तरीतल्या माणसाच्या छातीत निर्जन रस्त्यावर कळ आली तर? १९२८ मध्ये क्लॉनकरी येथून सुरू झालेली विमानातून वैद्यकीय मदत पोहोचविणारी सेवा, आजची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस, या भागाचा आधार आहे. विमान रुग्णाला घेऊन जाईल. कॅरॅव्हॅन मात्र तिथेच राहील आणि तिच्याजवळ उभी असेल ती जिने ती कधी चालविलेलीच नाही.

यासाठी ओढगाडी चालविण्याच्या प्रशिक्षणवर्गाला दोघांनी मिळून जावे, असा आग्रह धरला जातो. मागे घेताना स्टिअरिंगचा खालचा भाग धरला, की हात ज्या दिशेला जाईल त्या दिशेला कॅरॅव्हॅनचे मागचे टोक वळते, यांसारख्या साध्या युक्त्या रिकाम्या मैदानात तासाभरात कळतात. तसेच औषधे कोणती, कागदपत्रे कुठे, मोबाइलला रेंज नसेल तेव्हा संकटसूचक यंत्र कसे सुरू करायचे, हे त्यालाही ठाऊक हवे.

त्यानंतर येते रंगीत तालीम. आधी एक रात्र स्वतःच्या अंगणात, मग तासाभराच्या अंतरावर दोन-तीन रात्री. कोणते कपाट उघडत नाही, कोणती वस्तू उगाच घेतली, पहाटे कोण आधी उठते आणि पावसात दिवसभर अडीच मीटर रुंदीच्या खोलीत दोघे कसे राहतात, हे सारे इथेच समजते. अनेक वर्षे एका घरात काढलेल्या जोडप्यांनाही एकमेकांची ही ओळख नवी असते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. इथली अंतरे आणि रस्ते वेगळे आहेत. तयारीचा क्रम मात्र तोच राहील. ऋतू पाहावा, वजन तोलावे, घराची व्यवस्था लावावी. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी, ज्याने कॅरॅव्हॅन कधी जोडली नाही, त्याने ती एकदा एकट्याने जोडून दाखवावी.