सायमन्स क्वेस्ट: थापाड्या गावकऱ्यांचा गेम

आज अशा गेमबद्दल बोलूया, ज्याला शिव्याही पडल्या आणि प्रेमही मिळालं. कोनामीचा 'कॅसलव्हेनिया २: सायमन्स क्वेस्ट'. जपानमध्ये १९८७ साली फॅमिकॉम डिस्क सिस्टिमवर आला, अमेरिकेत १९८८ मध्ये एनईएसच्या कार्ट्रिजवर.

पहिल्या भागाचा हिशोब सरळ होता: चाबूक घ्या, पुढे जा, ड्रॅक्युलाला संपवा. इथे ड्रॅक्युला आधीच मेलाय, पण त्याचा शाप सायमन बेलमाँटला लागलाय. तो उतरवायला पाच वाडे पालथे घालून ड्रॅक्युलाची बरगडी, हृदय, डोळा, नख आणि अंगठी गोळा करायची. सुट्या लेव्हल नाहीत. जंगल, गावं, दुकानं असं एक सलग जग. आणि यात रात्र होते! मग राक्षस जास्त चिवट, दारं बंद, गावात झोंबी. किती दिवसांत गेम संपवता, त्यावर शेवटही बदलतो. त्या काळात हे धाडसच होतं.

मग घोळ कुठे झाला? डेबोराच्या कड्यावर. लाल स्फटिक घेऊन तिथे काही सेकंद गुडघ्यावर बसायचं, मग वावटळ येऊन तुम्हाला पुढे नेते. हे सुचणार कसं? एक गावकरी तर सांगतो, कड्यावर डोकं आपटा!

आता गंमत ऐका. गावकरी थापा मारतात, हे मूळ जपानी गेममध्येही मुद्दाम ठेवलंय. पण इंग्रजी भाषांतर इतकं कच्चं, की कोण खोटं बोलतोय आणि कुठे भाषांतर फसलंय, हेच कळेना. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, फीचरवर बग चढला. खोटं पकडायचं तर खरं तरी नीट समजायला हवं ना!

जेम्स रॉल्फने २००४ मध्ये 'अँग्री व्हिडिओ गेम नर्ड'चा पहिला व्हिडिओ केला, तो याच गेमवर. पण चाहत्यांनी याच गेमसाठी नवं भाषांतर करून पॅचही बनवले. नावडत्या गोष्टीसाठी कोण रात्री जागवतं? त्याचं 'ब्लडी टिअर्स' हे संगीत मालिकेत पुन्हा पुन्हा वाजलं. आणि सलग जग धुंडाळायची कल्पना १९९७ च्या 'सिम्फनी ऑफ द नाइट'मध्ये खऱ्या अर्थाने जमून आली.

माझं मत विचाराल, तर पॅच टाकून खेळा. भाषा सुधारलेली चालेल, पण थापाडे गावकरी तसेच राहू द्या. कोणावर विश्वास ठेवायचा, ही त्या जगातली खरी भीती आहे. भेटूया पुढच्या भागात!