व्यावसायिक सहयोग

व्यावसायिक सहयोग म्हणजे दोन किंवा अधिक कंपन्यांनी आपले स्वतंत्र अस्तित्व कायम ठेवून ठरावीक उद्दिष्टासाठी एकत्र काम करण्याची व्यवस्था होय. हा सहयोग केवळ तंत्रज्ञानाच्या परवान्यापुरता असू शकतो किंवा दोहोंच्या भागभांडवलातून तिसरी कंपनी स्थापन केली जाते. या दुसऱ्या प्रकारास संयुक्त उपक्रम म्हणतात.

कारणे

एका कंपनीपाशी जे आहे ते दुसरीपाशी नसणे, हे सहयोगाचे मूळ कारण. खर्च व जोखीम विभागणे हे दुसरे. जेट इंजिनाच्या विकासाचा प्रचंड खर्च वाटून घेण्यासाठी अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची स्नेक्मा यांनी १९७४ मध्ये सीएफएम इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन केली.

भारतात मात्र अनेकदा कायद्यानेच भागीदार शोधायला लावले. परकीय चलन नियमन कायद्याने (१९७३) बहुतेक उद्योगांत विदेशी भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत सीमित केले होते. खासगी विमा क्षेत्र खुले झाले तेव्हा ही मर्यादा २६ टक्के होती. पुण्याच्या बजाज समूहाने जर्मनीच्या अलियान्झशी केलेला सहयोग याच काळातला.

हिरो होंडा

लुधियानाच्या मुंजाल कुटुंबाचा हिरो समूह सायकली बनवत असे. त्याच्याकडे विक्रेत्यांचे जाळे आणि ग्राहकाची जाण होती, परंतु इंजिनाचे तंत्रज्ञान नव्हते. जपानच्या होंडाची स्थिती नेमकी उलट होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या हिरो होंडा मोटर्समध्ये दोघांचा वाटा प्रत्येकी २६ टक्के होता. हरियाणातील धारूहेडा येथून १९८५ मध्ये आलेली सीडी १०० ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल कमी पेट्रोल खाई. टू-स्ट्रोक वाहनांच्या त्या काळात हाच तिचा मोठा गुण ठरला. पुढे ही कंपनी जगातील सर्वांत मोठी दुचाकी उत्पादक बनली.

तरीही हितसंबंध जुळेनासे झाले. होंडाने १९९९ मध्ये भारतात संपूर्ण मालकीची कंपनी काढली, म्हणजे भागीदारच स्पर्धक झाला. हिरो होंडाची निर्यातही मोजक्या देशांपुरती मर्यादित होती. डिसेंबर २०१० मध्ये विभक्त होण्याचा निर्णय झाला, होंडाचा वाटा मुंजाल कुटुंबाने घेतला आणि २०११ मध्ये कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले. पाव शतक चाललेल्या या सहयोगाला अपयशी म्हणणे योग्य नाही. परंतु तंत्रज्ञानासाठीचे अवलंबित्व त्यात सुटले नव्हते. हिरोचे जयपूर येथील मोठे संशोधन केंद्र २०१६ मध्ये, म्हणजे फारकतीनंतरच, उभे राहिले.