कॉफीची चक्की : गोष्ट एका फटीची

पूर्वी भाजलेल्या कॉफीच्या बिया उखळात कुटत. त्यात काहींचे पीठ होई, काही भरड राहत. याने काय बिघडते? १ सें.मी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ.सें.मी. असते, त्याचेच १ मि.मी.चे घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौ.सें.मी. होते. म्हणून पिठातला अर्क पाण्यात झटकन उतरून कडवटपणा येतो, भरड कणांतला मात्र आतच राहतो.

फ्रान्समध्ये करवती बनवणाऱ्या प्यूजो कारखान्याने १८४० साली कॉफीची चक्की काढली. अशा चक्कीत दातेरी शंकू दातेरी कड्यात फिरतो; जात्याप्रमाणे दोहोंमधली फट कणाचा आकार ठरवते. मिक्सरच्या पात्याला अशी फट नसते. तेव्हा घरासाठी चक्की निवडताना फट कमीजास्त करता येते का, हे आधी पाहावे. वर्गात दोन्ही पुडी चाळून फरक दाखवता येईल.