मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

गिरगावात 1944 साली जन्मलेल्या माणसाची पत्रिका संगणकावर मांडायची झाली, तर जन्मवेळ कोणत्या घड्याळावरून टिपली होती हे आधी विचारावे लागते. बहुतेक घरांत ते सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

1 जानेवारी 1906 रोजी सरकारने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ लागू केली. सरकारी कचेऱ्या व रेल्वे तिच्यावर चालू लागल्या. मुंबई महापालिकेने मात्र आपली जुनी 'मुंबई टाईम' सोडली नाही. ती ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे. नव्या वेळेने गिरणी कामगाराला तेवढे आधी उठावे लागणार होते. शिवाय आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झालेली, त्यामुळे सरकारने न विचारता लादलेली वेळही लोकांना खुपली. मग एकाच शहरात चाळीसहून अधिक वर्षे दोन घड्याळे नांदली! त्यातच महायुद्धात, 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत, प्रमाणवेळच एक तास पुढे नेलेली. लग्नरास साधारण दोन तासांत बदलते, हे ध्यानात घेतले म्हणजे घोळ केवढा ते कळेल.

संगणकाची रीत आपल्या ज्योतिषाला अनोळखी नाही. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेली 'युनिक्स' प्रणाली 1 जानेवारी 1970 च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजते. बिघडलेला मोबाईल आपल्याकडे 'पहाटे 5.30, 1 जानेवारी 1970' दाखवतो तो त्यामुळेच. आपला अहर्गण तरी दुसरे काय आहे? कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 हा आरंभ धरून 'ग्रहलाघव' रचले. दिवसांचा आकडा फुगू नये म्हणून अकरा वर्षांचे, 4016 दिवसांचे चक्र त्यांनी योजले. युनिक्सला ही युक्ती सुचली नाही. 32 बिटांत साठवलेली तिची मोजणी 19 जानेवारी 2038 रोजी आपल्या सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी भरते. नव्या यंत्रांत 64 बिट आहेत, म्हणून तिथे चिंता नाही.

सेकंदांवरून गावची वेळ काढायला बहुतेक संगणकभाषा एकच कोश उघडतात. अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो 1980 च्या दशकात सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. त्यातली बरीच जुनी माहिती ज्योतिषांसाठी छापलेल्या नकाशाग्रंथांतून आली होती. गंमत अशी की 2011 साली ज्योतिषाच्या संगणकप्रणाली विकणाऱ्या 'ॲस्ट्रोलेब' कंपनीने त्यावरूनच या दोघांवर दावा ठोकला. 2012 मध्ये तो मागे घेतला, माफीही मागितली.

या कोशात 1970 नंतर ज्यांची घड्याळे एक, त्यांना सहसा एकच नोंद मिळते. साऱ्या भारताला 'एशिया/कोलकाता'. तिच्यात युद्धकाळातला जादा तास आहे, 1906 पूर्वीची मद्रास वेळही आहे. मुंबई टाईम नाही. त्यामुळे निव्वळ या कोशावर विसंबणारी प्रणाली गिरगावच्या जन्माला मुकाट्याने प्रमाणवेळ लावते, आणि 39 मिनिटांची दुरुस्ती हाताने करावी लागते. ती करण्यापूर्वी ट्रंकेतला जुना कागद जरूर काढावा. जन्मवेळ सूर्योदयापासून घटी-पळांत लिहिलेली असली, तर निदान त्या ज्योतिषाने कोणते घड्याळ धरले होते, ते उलट गणिताने ताडता येते.