गोंगाटांत हरवलेली हांक

१९१२ सालच्या एप्रिल महिन्यांतील १४ तारखेची रात्र. उत्तर अटलांटिक महासागरांत बर्फानें वेढल्यामुळें 'कॅलिफोर्नियन' नांवाची आगबोट थांबून राहिली होती. तिचा बिनतारी यंत्रचालक सिरिल इव्हान्स यानें 'टायटॅनिक'ला तसें कळविलें. टायटॅनिकवरील जॅक फिलिप्स त्या वेळीं केप रेस येथील किनाऱ्यावरच्या ठाण्याशीं उतारूंच्या खासगी तारांची देवघेव करीत होता. दूरचा क्षीण आवाज तो कान देऊन ऐकत असतां शेजारच्या बोटीचा संदेश ढोलासारखा त्याच्या कानावर आदळला. गप्प राहा, मी कामांत आहें, अशा अर्थाचें उत्तर त्यानें धाडलें. थोड्या वेळानें इव्हान्स यंत्र बंद करून निजला. ११ वाजून ४० मिनिटांनीं टायटॅनिक हिमनगास घासली. सुमारें १,५०० माणसें बुडालीं.

फिलिप्सला उर्मट ठरविणें सोपें आहे. मला तें पटत नाहीं. तो जवळजवळ अखेरपर्यंत मदतीची हांक देत राहिला आणि त्याच अपघातांत मेला. वर्गांत चाळीस मुलें एकदम उत्तर देऊं लागलीं म्हणजे हुशार मुलाचें उत्तरहि मास्तरांस ऐकूं येत नाहीं, हा माझा जन्माचा अनुभव. त्या काळचीं यंत्रें ठिणगीचीं. ठिणगीच्या लहरी वाटेल तशा पसरत आणि शेजाऱ्याचें बोलणें बुडवीत.

त्याच वर्षीं अमेरिकेनें कायदा करून हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर बसविलें आणि संकटाच्या हांकेस अग्रमान दिला. पुढें दर अर्ध्या तासाला तीन मिनिटें मौन पाळण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. बोटीवरील घड्याळांत तेवढा भाग तांबडा रंगविलेला असे.

यंत्रें सुधारलीं, लहर नेमकी व अरुंद झाली. परंतु ज्यास तिचें ठिकाण ठाऊक, त्यास ती बुजविणेंहि सोपें झालें. यावर १९४२ सालीं एक विलक्षण पेटंट निघालें. घेणारी हेडी लामार ही चित्रपटांतील नटी, आणि तिचा जोडीदार जॉर्ज अँथाइल हा संगीतकार! पाणतीरास दिशा दाखविणारी लहर सारखी उड्या मारीत राहावी, आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोप्रमाणें भोकें पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांनीं दोन्ही टोकांचा ताल जुळावा, ही त्यांची युक्ति. योजलेल्या लहरी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. त्या युद्धांत आरमारानें ती वापरली नाहीं.

दुसरी रीत संदेश पातळ पसरण्याची. मूठभर तीळ एका जागीं ओतले तर ढीग दिसतो. अंगणभर टाकले तर दिसत नाहीं, पण टाकणाऱ्याचा क्रम ज्यास ठाऊक तो ते वेचूं शकतो. ठिणगीचें पसरणें अडाणी होतें, हें हिशेबी आहे. ठिकाण सांगणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश याच रीतीनें, गोंगाटाहूनहि क्षीण असे, आपल्यापर्यंत पोहोंचतात. बोटी व विमानें संकटांत सांपडलीं असतां उपग्रहांकडे हांक पाठविणारीं कॉस्पास-सारसॅट योजनेचीं जीं दुसऱ्या पिढीचीं यंत्रें आहेत, त्यांची हांकहि अशीच पसरून जाते.