वराहपालन आणि ऊर्जेचा जुना हिशेब

बंगळूरच्या वायव्येस तुमकूर मार्गालगत वसलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लेथ यंत्रांची अखंड घरघर ऐकताना, शिवनसमुद्राच्या प्रपातावरची वीज १९०२ साली प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली व शहरातले दिवे १९०५ साली उजळले, हा इतिहास सहज आठवतो. परंतु त्याहीपूर्वी, १८९७ साली, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्याच्या वायूवर दिवे लागले होते, ही हकीकत मला अधिक मोलाची वाटते.

वराहपालनाशी तिचे नाते निकटचे आहे, कारण तेथे ऊब लागते आणि वायू देणारी विष्ठाही तेथेच साचते. नवजात पिलाला बत्तीसेक अंशांची ऊब हवी, तर घाम जवळजवळ न येणाऱ्या त्याच्या आईला वीस अंशांच्या आसपासचा गारवा. म्हणून एकाच खोलीत तांबड्या दिव्याखाली पिले एकमेकांवर रेलून निजतात आणि डुकरीण ओल्या फरशीला पोट टेकून पडते. २५० वॅटचा तो दिवा अहोरात्र जळाला, तर दिवसाला ६ युनिट वीज खातो. पिलांच्या कोपऱ्यावर लाकडी झाकण घातले व खाली पेंढा पसरला, की ही गरज बरीच घटते.

उरलेल्या गरजेसाठी विष्ठेच्या वायूचा दाखला जवळच आहे: पीण्याहून नेलमंगलमार्गे कुणिगल तालुक्यात गेले, की पुरा हे खेडे लागते. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण तंत्रज्ञानाचे जे कार्य आरंभले गेले, त्यातूनच तेथे सामुदायिक गोबरगॅसवर घरोघर दिवे लागले. वराहाची विष्ठा तितक्याच सुक्या वजनाच्या शेणाहून अधिक वायू देते. वराहपालकांनी वराहगृहालगत वायूचे असे एक संयंत्र अवश्य बांधावे.