सोपारा-वसईचा रात्रक्रम : याम, निद्रा आणि ध्यान

ध्यानाची वेळ निद्रेच्या नैसर्गिक चक्राशी जुळवावी, मधेच जागे होऊन देहाबाहेर पडल्याचा अनुभव साधावा, हा विचार आधुनिक मानला जातो. प्रस्तुत लेखात वसई परिसरातील दोन धर्मपरंपरांच्या रात्रक्रमाच्या आधारे या समजुतीची तपासणी केली आहे.

इ.स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातील बुरुड राजाच्या कोटातील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथे मिळाला. प्राचीन शूर्पारकाचे बौद्ध महत्त्व त्यामुळे निर्विवाद ठरले. बौद्ध संघाचा रात्रक्रम पाली सुत्तांतून स्पष्ट होतो. रात्रीचे तीन याम मानलेले आहेत : पहिल्या यामात चंक्रमण व आसन, मधल्या यामात उठण्याची वेळ मनात योजून उजव्या कुशीवर निद्रा, शेवटच्या यामात पुन्हा चंक्रमण व ध्यान. सोपाऱ्याच्या अक्षांशावर एक याम ऋतूनुसार सुमारे साडेतीन ते सव्वाचार तासांचा भरतो. पावसाळ्याच्या आरंभी भिक्षूची झोप सर्वांत आखूड, पौषात सर्वांत लांब, असा याचा अर्थ होतो.

देहातून दुसरा मनोमय देह काढण्याचे वर्णन सामञ्ञफलसुत्तात आहे. मुंज गवतातून काडी ओढावी तसा तो काढायचा. कठोपनिषदातही हाच दृष्टान्त येतो. मात्र सुत्ताने ही सिद्धी चौथ्या ध्यानानंतर ठेवली आहे, तिची सांगड कोणत्याही यामाशी घातलेली नाही. जागरणाचा हेतू जागृती हाच होता.

पोर्तुगीज अमलात (१५३४ ते १७३९) वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांचे चर्च व महाविद्यालय होते. त्यांच्या साधनेचा मूळ ग्रंथ म्हणजे संत इग्नेशियस लोयोला यांची ‘आध्यात्मिक साधना’. तिला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. तीत दिवसाची पहिली साधना मध्यरात्री आणि दुसरी पहाटे उठताच सांगितली आहे. विशेष म्हणजे आत्मा या नाशवंत देहात बंदिवान आहे, अशी कल्पना त्या मध्यरात्रीच्या साधनेतच करावयाची असते. वय व प्रकृती पाहून साधना कमी करण्याची मुभाही ग्रंथात आहे. हा व्यवहारी शहाणपणा उल्लेखनीय वाटतो.

स्वप्ननिद्रेचा शोध १९५३ मध्ये लागला. निद्रेचे एक चक्र सुमारे दीड तासाचे असते. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात, तर स्वप्ननिद्रा उत्तरार्धात अधिक असते. थॉमस वेर यांच्या १९९२ च्या प्रयोगात रोज चौदा तास अंधारात राहणाऱ्यांची झोप दोन खंडांत विभागली गेली व मधे शांत जागेपणा आला. चार तासांच्या झोपेनंतर ध्यानास बसणारा भिक्षू स्वप्ननिद्रेचा बहुतांश काळ जागून काढत असे, एवढे यावरून म्हणता येते. पूर्वजांना निद्राविज्ञान अवगत होते, हा निष्कर्ष मात्र उतावीळपणाचा ठरेल.

अनुभवांच्या नोंदी का मिळत नाहीत, याचे उत्तर विनयातच आहे. सिद्धीचा खोटा दावा करणारा भिक्षू संघातून कायमचा बाद होई. खरी सिद्धीही दीक्षा न घेतलेल्यास सांगणे दोष मानले जाई. येशूसंघीय साधकही आपले अनुभव मार्गदर्शकापाशीच उघड करी. सोपाऱ्याचे मौन अशा नियमांतून आले आहे. अनुभवच नव्हते, असे त्यावरून ठरत नाही.